घोमाच्या रानातली सावड

आधीच सांगते, "हा तुमचा छंद का?" असं कोणी विचारलं की माझं डोकं फिरतं. छंद म्हणजे पोस्टाची तिकिटं गोळा करणं. मी जगं बनवते. डोंगर, ओढे, माणसं, त्यांचे सण, त्यांची भांडणं, लग्नात काय वाढतात, मेल्यावर काय करतात, सगळं. पृथ्वीवर कुठंही नसलेलं, आणि तरी आतून घट्ट बसलेलं. एवढं सांगितलं की समोरचा माणूस कसनुसं हसतो आणि विचारतो, "बरं, तो उत्पन्नाचा दाखला आला का?" कारण जव्हारच्या बसस्टँडजवळ माझं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं दुकान आहे, आणि पोट त्यावर चालतं.

मूळची मी साखरशेतची. शेळ्यांमागं फिरताना समोरच्या डोंगरावर कोण राहत असेल ते मी ठरवून टाकायचे आणि घरी येऊन खरं असल्यासारखं सांगायचे, म्हणून मारही खाल्ला. लग्न होऊन जव्हारला आले, दुकान टाकलं, कॉम्प्युटर आला आणि डोक्यातलं सगळं फायलीत उतरायला लागलं. पहिल्या दोन जगांबद्दल बोलायला नको. एकात बर्फ होता आणि एकात उडणारे घोडे. बर्फ मी फक्त फ्रीजमध्ये पाहिलेला. दोन्ही जगं पुसून टाकली. तिसरं राहिलं, ते आठ वर्षं झाली तरी चालूच आहे. त्याचं नाव घोमाचं रान.

त्या रानातली माणसं वर डोंगरात राहतात. पीक निघालं की त्यांना खालच्या देशात कामाला जावं लागतं, आमच्याकडची माणसं दिवाळीनंतर जगायला जातात तशी. पण खालच्या देशाच्या वेशीतून आवाज घेऊन आत जाता येत नाही. म्हणून निघायच्या आदल्या दिवशी जो तो आपला आवाज वाळलेल्या भोपळ्यात ओततो, त्याच्या तोंडाला मेण लावतो आणि भोपळा घराच्या आढ्याला टांगून जातो. त्या भोपळ्याला घोम म्हणायचं. मग सहा-सात महिने गाव रिकामं. म्हातारी माणसं तेवढी मागं, आणि आढ्याला टांगलेले घोम आपसांत बोलत बसलेले. ते भांडतात, गाणी म्हणतात, मधूनच एखादा खो खो हसतो. म्हाताऱ्या खालून काठी आपटून त्यांना गप्प करतात. पावसाच्या तोंडावर माणसं परत येतात, घोम उतरवून आवाज पितात, आणि पहिला शब्द कोणाशी बोलायचा यावरून घराघरांत रुसवेफुगवे होतात.

हे जग मला माझ्या नवऱ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. नवऱ्यालाही ते ठाऊक आहे, म्हणून आमचं बरं चाललंय.

बरीच वर्षं मला वाटायचं की असलं खूळ अख्ख्या दोन तालुक्यांत माझ्या एकटीच्याच डोक्यात आहे. मग एके दिवशी मोखाडा-जव्हार जीप चालवणारा एक माणूस दुकानात आला. पन्नाशीचा, बोलायला लाजरा. हातात फाटकी वही. "ताय, हिची एक कापी काड. भिजली तं गेली म्हनून."

झेरॉक्स काढता काढता वाचायची मला वाईट खोड आहे. वहीत शब्द होते. एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला जे काय होतं ते मराठी नव्हतं, हिंदी नव्हतं आणि आमच्या पाड्यांवरची कुठलीही बोली नव्हती. ओल्या लाकडाच्या धुराला वेगळा शब्द, सुक्याच्या धुराला वेगळा. परत आलेल्या माणसाला एक 'ये' आणि पाहुण्याला दुसरा 'ये'.

"दादा, ही कोणाची भाषा?"

तो इकडेतिकडे बघून हळूच म्हणाला, "माज्या डोक्यातल्या मानसांची. त्याना गाव नाय अजून. नुसती बोलतात."

माझ्याकडे गाव होतं आणि त्याच्याकडे भाषा! मी काउंटरच्या खालून त्याला स्टूल दिलं आणि घोमाचं रान सांगायला बसले. बाहेर रांग लागली तरी उठले नाही.

तिसरी आली ती सिस्टर. वावर गावाकडच्या उपकेंद्रात नर्स आहे, तोंडानं फटकळ, हातानं मऊ. माझ्या भिंतीवर लावलेला नकाशा पाहून तिनं विचारलं, "गे बाय, हा कुठला तालुका?" मी खरं सांगितलं. ती हसेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "माझी माणसं पाण्याखाली असतात. धरणात गाव बुडालं तेव्हा काही जण वर आलेच नाहीत. तळाशीच संसार मांडला." आणि मग तिनं त्या तळातल्या माणसांच्या बाळंतपणाचं असं काही वर्णन केलं की रांगेतल्या दोन बाया फॉर्म विसरून ऐकत बसल्या.

तर असे आम्ही तिघं. आमची एकमेकांची जगं वाचायची रीत सावडीची होती, आणि पुढचं सगळं रामायण त्या रीतीवरून झालं, म्हणून ती नीट सांगते.

आमच्याकडे भाताची आवणी, म्हणजे लावणी, एकट्या घराला उरकत नाही. आज सगळे माझ्या वावरात, उद्या तुझ्या, परवा तिच्या, ही सावड. ज्याच्या वावरात काम, त्याच्याकडे त्या दिवशी नागलीची, म्हणजे नाचणीची, भाकर आणि कालवण. त्यात एक गोष्ट कोणी कोणाला शिकवत नाही, ती आपोआप येते. तुम्ही लावलेलं रोप वाकडं गेलं तर शेजारची बाई "तुझं चुकलं" असं म्हणत नाही. ती ते उपटते, सरळ लावते आणि पुढं सरकते. तुम्हीही काही बोलत नाही. तोंडानं चूक दाखवणं हा अपमान. हातानं नीट करणं हा शेजारधर्म.

आमच्या तिघांतही तसंच. रविवारी दुपारी दुकानाचं शटर अर्धं ओढायचं, ज्याची पाळी असेल त्याचं जग कॉम्प्युटरवर उघडायचं आणि सगळ्यांनी हात घालायचा. दादानं माझ्या माणसांच्या तोंडी त्याची भाषा घातली. सिस्टरनं माझी एक सुईण, जी दगडावर बाळंतपण करत होती, तिला उचलून घोंगडीवर बसवलं. विचारायचं नाही, सांगायचं नाही. मी घरी जाऊन बघायचे, दोन दिवस धुसफुसायचे आणि तिसऱ्या दिवशी मान्य करायचे की मेल्यांनी बरोबर केलंय.

मग सिस्टरला मोबाईलवर एक ग्रुप सापडला. मराठीतून अशीच जगं बनवणारी माणसं. पुण्याची, नागपूरची, लातूरची, कोल्हापूरची. आपलं जग तिथं मांडायचं, बाकीच्यांनी वाचून अभिप्राय द्यायचा. आणि वर्षातून एकदा ग्रुप सगळ्यांतून एक जग निवडायचा. ते 'वर्षाचं जग'. मग अख्खं वर्ष सगळ्यांनी त्याच जगात गोष्टी लिहायच्या. तुमच्या डोंगरावर नागपूरच्या बाईनं घर बांधायचं, तुमच्या ओढ्यावर कोल्हापूरच्या माणसानं मासे धरायचे.

मला ते हवं होतं. उगीच आडपडदा कशाला, हावऱ्यासारखं हवं होतं. इतकी वर्षं ती माणसं माझ्या एकटीच्या जिवावर जगत होती. मला उद्या काही झालं असतं तर आढ्याचे सगळे घोम एका झटक्यात मुके झाले असते. दुसऱ्या कोणीतरी त्यांना जगवावं, एवढंच मागणं होतं.

पहिल्या वर्षी नाव दिलं, परत आलं. ग्रुप ज्यांनी सुरू केला ते पुण्याचे एक सर होते. वागायला सभ्य, लिहायला धारदार. त्यांनी एकच प्रश्न विचारला होता: "मॅडम, आवाज घरी टांगून ही माणसं खाली जातात. मग खालच्या देशात ती बोलतात कशाने? हे भोक बुजल्याशिवाय जग उभं राहत नाही." बाकी कोणी विचारलं, राजा कुठाय? युद्ध कुठाय? त्यांना मी कळवलं की राजा हवा असेल तर जव्हारला या, राजवाडा दाखवते, माझ्या रानात राजा नाही. पण सरांचा प्रश्न घशात काट्यासारखा अडकला. दुसऱ्या वर्षी मी लिहिलं की माणसं खाली हातांच्या खुणांनी बोलतात. सरांचं उत्तर आलं: "मग खुणांनी सगळं भागतंच की. आवाज सोडल्याचं दुःख उरलं कुठं?" खरं होतं. त्यांचं खरं आहे याचाच जास्त राग आला. पुन्हा परत.

तिसऱ्या वर्षी दादाच्या भाषेनं कमाल केली. ग्रुपवर माणसं एकमेकांना ओल्या धुराच्या शब्दानं चिडवायला लागली. घोमाचं रान शेवटच्या तीन जगांत आलं. सरांनी मला लिहिलं, "निवडीला महिना आहे. या खेपेला तेवढं भोक बुजवाच."

आणि त्याच आठवड्यात आम्ही घाण केली.

झालं असं की सरांनी स्वतःचं जग अभिप्रायाला टाकलं. एका साम्राज्याच्या बारा पिढ्या, भलीमोठी फाइल, सगळ्यांना उघडी. खाली लिहिलं होतं, "स्पष्ट अभिप्राय द्यावा." आम्ही तिघं रविवारी बसलो. सिस्टर म्हणाली, "आपल्याला एवढं सांभाळून घेतात सर. त्यांची आवणी उरकून देऊ." आणि आम्ही पदर खोचून वावरात उतरलो.

दुपारभर कोणी मान वर केली नाही. सरांची राणी आज बाळंत होऊन उद्या घोड्यावर बसून लढायला निघाली होती. सिस्टरनं तिला सव्वा महिना घरात बसवलं, डिंकाचे लाडू दिले आणि लढाईला नणंदेला पाठवलं. सरांचं सैन्य बैलगाड्या घेऊन अर्ध्या दिवसात घाट चढत होतं. दादा हसला, "ह्यानं घाट बगलाय का कदी?" त्यानं चार दिवस केले, मधे दोन गाड्यांचे आस मोडले आणि एका वळणावर बैल पाणी प्यायला सोडले. सरांचं भात महिन्याभरात कापणीला येत होतं, ते मी नीट पेरलं, उपटलं, लावलं. आणि त्यांच्या दरबारात कुठलाही शेतकरी कागदाशिवाय थेट सम्राटासमोर उभा राहत होता. हे मला कसं सोसावं? मी दाराशी एक कारकून बसवला, जो म्हणतो, "साहेब नाहीत, उद्या या."

चार वाजता आम्ही हात झटकले. मी ग्रुपवर लिहिलं, "सर, तुमचं झालं. आता आमच्याकडे कधी येताय?"

करायला गेलो गणपती आणि झाला मारुती. पाच मिनिटांत मोबाईल तापला. घुसखोरी. दुसऱ्याच्या सहा वर्षांच्या कामाची नासधूस. किमान विचारायची तरी पद्धत असते. एकानं लिहिलं, "खेड्यापाड्यातून लोक घेताना जरा पारखून घ्यायला हवेत." ते वाचून मी डोक्यात राखच घालून घेतली. मी जे उत्तर लिहिलं ते इथं देता येणार नाही, सिस्टरनं मोबाईल हिसकावला तोवर अर्धं गेलंही होतं. सरांनी दोन बटणं दाबून आपलं जुनं साम्राज्य परत आणलं. ते काही वाईट बोलले नाहीत, एवढंच लिहिलं: "मला फार लागलं. नियमाप्रमाणे तिघांना आता ग्रुपवर वाचता येईल, लिहिता येणार नाही. घोमाचं रान यादीतून काढत आहे."

आम्ही तिघं शटरखाली बसून राहिलो. दादा कोणाकडे न बघता म्हणाला, "माज्यामुलं झालं. मी सातवी नापास. मी हात लावाया नको होता." मला इतकं वाईट वाटलं की मी त्याच्यावरच ओरडले. "तुझ्या भाषेमुळं जग शेवटच्या तीनांत आलं, आणि तू काय रडतोस!" मग मीच रडले. सिस्टर भाकरीचा डबा आवरत बसली.

आठवडा गेला. लातूरच्या एका बाईंचा फोन आला. त्या शाळेत शिकवतात, ग्रुपवर कमी बोलतात. म्हणाल्या, "तुमचा राग शांत झाला असेल तर एक विचारते. राणीचं तुम्ही केलेलं मला पटलं होतं. तो कारकून तर फारच आवडला. पण न विचारता का केलंत?"

एवढ्या दिवसांत 'का' असं विचारणाऱ्या त्या पहिल्याच. मी त्यांना सावड सांगितली. वाकडं रोप, शेजारची बाई, न बोलता सरळ करणं. सांगता सांगता मलाच कळलं की आम्ही सरांच्या बांधावर उभं राहून "येऊ का?" असं विचारलंच नव्हतं. सावडीत कोणी बोलावल्याशिवाय दुसऱ्याच्या वावरात उतरत नाही. त्यांनी वाचायला बोलावलं होतं, आवणीला नाही. आमचं चुकलं होतं, आणि हे कबूल करताना माझी जीभ किती जड झाली ते माझं मला माहीत.

मग मी म्हटलं, "बाई, माझा एक निरोप द्याल? सरांची माफी मागते, जाहीर. आणि सांगा, येत्या रविवारी दुपारी माझी फाइल सगळ्यांना उघडी आहे. वाचायला नाही, हात घालायला. खोडा, उपटा, लावा. मी एक शब्द बोलणार नाही आणि काही परत जुनं करणार नाही. ही माझ्याकडची पाळी."

सिस्टर म्हणाली, "वेड लागलं का तुला? आठ वर्षांचं काम! निदान एक कॉपी काढून ठेव, स्वतःचं झेरॉक्सचं दुकान आहे." मी नाही काढली. लोकांना आवणीला बोलवायचं आणि चांगला तुकडा मागं लपवून ठेवायचा, असं करत नाहीत.

रविवार आला. दादानं त्या दिवशी जीप उभी ठेवली. सिस्टरनं नागलीच्या भाकरी आणि सुकटीचं कालवण आणलं. "येणारे तिकडं पुण्या-नागपुरात, तू कोणाला वाढणार?" मी विचारलं. "पाळी आपल्याकडे आहे ना, मग भाकर झालीच पाहिजे," ती म्हणाली.

बारा वाजले, कोणी नाही. साडेबारा, कोणी नाही. मी मनातल्या मनात सगळ्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होते, तेवढ्यात पडद्यावर लातूरच्या बाईंचं नाव उगवलं. त्यांनी एका म्हातारीच्या हातातली काठी बदलून बांबूची केली आणि थांबल्या. मग नागपूरची एक, मग कोल्हापूरचा एक. एकच्या सुमारास पानापानांवर नावंच नावं झाली, ओळीनं खाली खाली सरकणारी. आवणीला बाया ओळीत वाकून मागं मागं येतात ना, अगदी तशी. दादा खुर्चीवरून उठून उभाच राहिला.

सगळं काही गोड झालं नाही हं. माझा एक लाडका पाडा कोणीतरी सबंध खोडला. मी ओठ चावला. मग बघते तर त्याच ओढ्याच्या वरच्या अंगाला तोच पाडा नव्यानं उभा, पुरापासून लांब. आणि मग एका पठ्ठ्यानं राजा आणून बसवला! मुकुट, सिंहासन, सगळं. मी कीबोर्डवर झेपच घेतली. सिस्टरनं मनगट धरलं. "शब्द दिलायस." मी दात आवळून बसले. दोन मिनिटांत कोल्हापूरच्या माणसानं त्या राजाला सिंहासनावरून उतरवलं, मुकुटाच्या जागी डोक्याला फडकं बांधलं आणि त्याला ओढ्यावर होडी चालवायला लावलं. कोणी कोणाला काही बोललं नाही. आम्ही तिघं मात्र इतकं हसलो की कालवण सांडलं.

सर आले नव्हते. चार वाजले तरी नाही. माझ्या जगात सगळं उभं राहिलं होतं, नवे सण लागले होते, घोमांच्या भांडणांना पंच मिळाले होते. फक्त ते भोक तसंच होतं. खालच्या देशाच्या पानावर मी एकच ओळ ठेवली होती: 'इथे ती कशाने बोलतात?' सगळे त्या पानाशी येत आणि हळूच वळून जात.

साडेचारला सरांचं नाव दिसलं. फायलीच्या वरच्या टोकाला त्यांनी लिहिलं, "आत येऊ का?"

शब्द न बोलायचं ठरलं होतं, पण याला उत्तर दिलं नाही तर मी कसली यजमानीण? मी लिहिलं, "या सर. चपला बांधावर काढा."

ते आले. काही लिहिलं नाही, नुसते वाचत गेले. घोम टांगायचा दिवस वाचला. रिकामं गाव वाचलं. काठी आपटणारी म्हातारी वाचली. मग खालच्या देशाच्या पानावर येऊन थांबले. त्यांचं नाव तिथं खूप वेळ लुकलुकत राहिलं. बाकीची नावंही जागच्या जागी थांबली. दादानं माझ्या खुर्चीची पाठ घट्ट धरली होती.

सरांनी माझी ओळ उपटली आणि तिथं दोन वाक्यं लावली:

'खालच्या देशात ती बोलत नाहीत. खालच्या देशातल्या कोणाच्याही हे अजून लक्षात आलेलं नाही.'

मी वाचलं. पुन्हा वाचलं. तीन वर्षं मी त्यांच्यासाठी दुसरा आवाज शोधत होते, खुणा शोधत होते, आणि उत्तर हे होतं! सिस्टर म्हणाली, "अगो!" दादा तरुणपणी भिवंडीकडे वीटभट्टीवर जगायला जायचा. तो पडद्याकडे बघत म्हणाला, "मुकादम मना सहा महिने 'ए' म्हनायचा. मी काय बोललो का, त्याला विचार. त्याला नाय सांगता येनार." मग डोळे पुसून म्हणाला, "ह्या पुन्याच्या मानसाला कसं कललं, ताय?"

सरांना कसं कळलं ते मी अजूनही विचारलेलं नाही. पण त्या क्षणी जग उभं राहिलं. आठ वर्षांत पहिल्यांदा कुठूनही हललं नाही.

त्याच संध्याकाळी सरांनी ग्रुपवर लिहिलं: "विचारल्याशिवाय दुसऱ्याच्या फायलीत लिहिलं म्हणून तिघांना बाजूला ठेवलं होतं. आज मीही दुसऱ्याच्या फायलीत लिहिलं, आणि मला लिहू दिलं गेलं. मला ही रीत समजायला वेळ लागला. घोमाचं रान यादीत परत घेत आहे. आणि माझ्या दरबारातला कारकून मला परत हवा आहे."

निकाल बुधवारी लागायचा होता. बुधवारी माझ्या दुकानात ही गर्दी. शिष्यवृत्तीचे फॉर्म, दाखले, सर्व्हर बंद, लोक वैतागलेले, मी त्यांच्याहून वैतागलेली. एका बाईचा अर्ज हातात घेऊन मी तिला जन्मतारीख विचारत होते तेव्हा मोबाईल वाजला. लातूरच्या बाईंचा एकच शब्द होता. दादाचा शब्द, परत आलेल्या आपल्या माणसाला म्हणायचा तो 'ये'. खाली सगळ्यांची मतं. घोमाचं रान, वर्षाचं जग.

मी अशी किंचाळले की शेजारच्या चहावाल्यानं भांडं टाकलं. "जिंकलो! जिंकलो गं बाई!" त्या अर्जवाल्या बाईला मी काउंटरवरून वाकून मिठी मारली. ती बिचारी घाबरून म्हणाली, "मंजूर झाला का माझा?" "तुमचाही होईल," मी म्हटलं, "आज सगळं मंजूर."

सिस्टरला फोन लागला नाही, ती कुठल्या तरी पाड्यावर रेंजबाहेर. दादाला लागला. तो जीप घेऊन मोखाड्याहून निघाला होता. मी बातमी सांगितली. पलीकडून इंजिन बंद झाल्याचं ऐकू आलं, आणि आतल्या माणसांची कुरबुर, का थांबवलीस, काय झालं.

दादानं फोन स्पीकरवर टाकला असावा. लाजरा माणूस, बारा माणसांसमोर जन्मात बोलला नसेल. पण त्या दिवशी भर रस्त्यात जीप थांबवून त्यानं सगळ्यांना घोमाचं रान सांगितलं. आवाज भोपळ्यात ओतून आढ्याला टांगायचा, खाली जगायला जायचं, तिथं कोणाच्या ध्यानात येत नाही. तो सांगत होता आणि मी इकडे कान लावून ऐकत होते. आता हे जग अख्ख्या महाराष्ट्रातली मानसं लिवनार, तो म्हणाला, वरीसभर.

जीपमधली एक म्हातारी म्हणाली, "त्यात आमचं वांगणी गाव हाय का रे?"

"हाय ना, आये. नाव दुसरं हाय."

"आनि आमचा आवाज?"

"तो तं पैल्या पानावं हाय."

मग म्हातारीनं टाळी वाजवली असावी, कारण एकच टाळी आली, मग दुसरी, मग अख्खी जीप टाळ्या वाजवायला लागली, आणि दादानं हॉर्न दाबून धरला. मी जव्हारला दुकानात उभी राहून ते सगळं ऐकलं, त्या बाईचा अर्ज हातात तसाच धरून.